पातं कोणत्या पोलादाचं?

प्रस्तावना

गोळी आणि बाण यांचं काम मुळातच वेगळं आहे आणि या पुस्तकातला सगळा विचार त्या फरकातून निघालेला आहे. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला सर्रास वापरली जाणारी .३०-०६ रायफलची गोळी नळीतून बाहेर पडताना साडेतीन हजार ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा घेऊन निघते. आजच्या चांगल्या कंपाउंड धनुष्यातून सुटलेल्या बाणाकडे शंभर ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. एवढ्याशा ऊर्जेत धक्क्याने जनावर पडत नाही. बाण मारतो तो कापून. तो छातीतून आरपार जाताना फुप्फुसं आणि मोठ्या रक्तवाहिन्या जितक्या स्वच्छ कापल्या जातील, तितका रक्तस्राव वेगाने होतो, फुप्फुसं मिटतात आणि जनावर बहुधा काही सेकंदांतच कोसळतं. पातं बोथट असेल तर लवचीक रक्तवाहिन्या त्याच्यापुढे बाजूला सरकतात. ज्या फाटतात त्यांच्या चेचलेल्या कडांवर रक्त लवकर गोठतं. मग जखमी जनावर झाडीत दूरवर निघून जातं, कधी सापडतं, कधी सापडत नाही. नेम अगदी बरोबर लागलेला असतानाही या दोन शेवटांत फरक पाडते ती धार.

ही धार ज्या तुकड्यावर असते तो ब्रॉडहेड, म्हणजे बाणाच्या टोकाला बसवायचं रुंद पात्यांचं पोलादी फळ. वजन सहसा १०० किंवा १२५ ग्रेन, म्हणजे साडेसहा ते आठ ग्रॅम. पाती दोन, तीन किंवा चार. हरणासाठी पात्याची रुंदी किमान ७/८ इंच हवी, असा नियम अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आहे. या एवढ्याशा तुकड्यावरून धनुष्यबाणाच्या दुकानांत, शिकारी क्लबांत आणि रानातल्या तळांवर एक वाद कित्येक वर्षं चालू आहे: पातं स्टेनलेस स्टीलचं घ्यावं की कार्बन स्टीलचं? एक बाजू म्हणते, कार्बनसारखी धार स्टेनलेसला येतच नाही. दुसरी म्हणते, ती धार पहिल्याच पावसात गंजून गेली तर तिचा उपयोग काय? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघंही प्रश्नाची एकच बाजू धरून बसलेले आहेत.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पोलाद निवडणं म्हणजे धारेची निगा कशी राखायची ते निवडणं. कोणतंही पोलाद ती निगा माफ करत नाही. ती कधी, किती आणि कशाने करायची, एवढंच पोलादागणिक बदलतं. पुढची सगळी प्रकरणं या एका विधानाचा विस्तार आहेत.

मी पुण्यात धातुशास्त्र शिकलो आणि नोकरीच्या निमित्ताने विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झालो. पोलादाचं हीट ट्रीटमेंट हेच माझं रोजचं काम. इथे सप्टेंबरच्या मध्यावर धनुष्याचा हंगाम उघडला की जेवणाच्या सुट्टीत हरणांशिवाय दुसरा विषय निघत नाही. सहकारी आपापली पाती घेऊन माझ्याकडे येऊ लागले. कोणाच्या पात्याचं टोक हाडावर वाकलेलं, कोणाची धार तुटलेली, कोणाचं पातं भात्यातच गंजलेलं. प्रत्येक पातं हातात घेतलं की लक्षात यायचं, की ज्याला सगळे ‘स्टेनलेसचा दोष’ किंवा ‘कार्बनचा दोष’ म्हणतात, तो बहुतेक वेळा चुकीच्या तापमानाचा, चुकीच्या कोनाचा किंवा निगेच्या अभावाचा दोष असतो. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतली काही मुलं-मुलीही आता धनुष्य घेऊन रानात जातात. त्यांचे आईवडील काळजीने विचारतात की हे नक्की काय आहे, आणि यात जबाबदारी कशाला म्हणायचं. हा विषय मराठीत मांडावा असं वाटलं ते त्यांच्यामुळे.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि धनुष्यबाण वापरल्याने त्यात कसलीही सूट मिळत नाही. हे पुस्तक उत्तर अमेरिकेतल्या परवाना घेऊन, हंगाम पाळून केलेल्या शिकारीविषयी आहे. मात्र धार, गंज आणि पोलादाचं पाणी हे विषय कोयता, वस्तरा किंवा शस्त्रक्रियेची सुरी हाताळणाऱ्या कोणालाही परके नाहीत. शिकारीशी काही देणंघेणं नसलेल्या वाचकालाही यातली निम्मी प्रकरणं उपयोगी पडतील.

अमेरिकेतल्या आधुनिक धनुष्य-शिकारीचा इतिहास सांगताना इशीपासून सुरुवात करावी लागते. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या जमातीचा एक माणूस एकटाच, उपाशी अवस्थेत लोकांसमोर आला. त्याची जमात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हल्ल्यांत संपली होती, तो तिच्यातला शेवटचा. मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला आणलं आणि ‘इशी’ हे नाव दिलं. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात सर्जन असलेले डॉ. सॅक्स्टन पोप त्याचे डॉक्टर झाले, मित्र झाले आणि धनुष्यबाणाच्या विद्येत त्याचे शिष्य झाले. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोप यांनी पुढे आर्थर यंग यांच्यासोबत धनुष्याने शिकार केली आणि १९२३ मध्ये ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं.

इशी बाणाची टोकं घडवायचा ती ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेल्या नैसर्गिक काचेची. बाटलीची काच मिळाली तर तिचीही. पोप यांनी ही काचेची टोकं आणि पोलादी टोकं यांची तुलना करून पाहिली. कातडं आणि मऊ मांस यांतून काचेचं टोक पोलादापेक्षा खोल गेलं. याचं आश्चर्य वाटायला नको. काच फुटताना तिची कड ज्या सूक्ष्मतेला पोचते, ती कानशीने घासलेल्या पोलादाच्या आवाक्याबाहेरची आहे. पण तेच काचेचं टोक हाडावर आदळलं की फुटतं. तीक्ष्णता हा एक गुण आणि आघातात टिकणं हा दुसरा, हे या तुलनेतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कशातून दिसत नाही. पोलाद आपण वापरतो ते सर्वांत तीक्ष्ण म्हणून नव्हे, तर पुरेशी तीक्ष्णता आणि पुरेसा चिवटपणा एकाच तुकड्यात देतं म्हणून. स्टेनलेस की कार्बन, हा प्रश्न त्या दोन गुणांच्या तडजोडीतला आहे, आणि त्यात तिसरा गुण मिसळतो तो गंज रोखण्याचा.

विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये आधुनिक काळातला पहिला, फक्त धनुष्यासाठी राखलेला हरणाचा हंगाम जाहीर केला. तेव्हाची पाती म्हणजे कार्बन पोलादाचे पत्रे कापून, घासून बनवलेली दोन धारांची टोकं, आणि शिकाऱ्याच्या खिशात कानस असायचीच. मिशिगनच्या ग्रेलिंगमध्ये कारखाना चालवणाऱ्या फ्रेड बेअर यांनी १९५६ मध्ये ‘रेझरहेड’ आणलं. त्यात मुख्य पातं कानशीने धार लावायचं, आणि त्याच्या फटीत आडवं सरकवायचं दुसरं पातं दाढीच्या ब्लेडसारखं पातळ. धार लावायची आणि धार विकत घ्यायची, या दोन्ही पद्धती या एका टोकात शेजारी शेजारी आल्या. पुढच्या दशकांत सुट्या, बदलता येणाऱ्या पात्यांचे ब्रॉडहेड बाजारात पसरले. पातं एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, धार कारखान्यातच लावलेली, एकदा वापरून टाकून द्यायचं. दुकानाच्या भिंतीवर आणि घरच्या खणात वर्षभर राहूनही न गंजणारं पातं त्या व्यवस्थेला हवं होतं, म्हणून तिथे स्टेनलेस रुळलं. कार्बन उरलं ते मुख्यतः एकसंध, जाड, पुन्हा पुन्हा धार लावायच्या पात्यांत. म्हणजे दुकानात आपल्याला दोन पोलादं दिसतात तेव्हा खरं तर दोन वेगळ्या सवयी समोर ठेवलेल्या असतात.

स्टेनलेसच्या वंशावळीतला एक धागा मुंबईतून जातो. मुंबईत राहणारे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास भारतातल्या मुशीत गाळलेल्या ‘वुट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर शोधनिबंध वाचला. धार धरण्यात हे पोलाद युरोपच्या पोलादापेक्षा सरस का, हा प्रश्न तिथल्या रसायनशास्त्रज्ञांना छळू लागला. मायकेल फॅरडे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी वुट्झची बरोबरी साधायची म्हणून पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्या धातूंत क्रोमियमही होता. १८२१ मध्ये फ्रान्सच्या पिएर बेर्तिए यांनी क्रोमियम मिसळलेलं लोखंड आम्लांना दाद देत नाही, हे नोंदवलं. पुढे ऑगस्ट १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळीची झीज कमी व्हावी म्हणून सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं, आणि ते गंजत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांच्या कारागिरांनी हे नवं पोलाद आधी नाकारलं. घडवायला अवघड, आणि जुन्या पोलादाच्या सवयीने तापवलं तर मनासारखी धार धरत नाही, ही त्यांची तक्रार होती. तक्रार खरी होती, पण तिचं कारण धातूत कमी आणि भट्टीत जास्त होतं. क्रोमियमच्या पोलादाला कठीण करायला साध्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त तापमान लागतं. ते समजल्यावर परिस्थिती बदलली. तरीही ‘स्टेनलेस कापत नाही’ हा शिक्का शंभर वर्षांनंतरही पुसलेला नाही, आणि ब्रॉडहेडच्या वादात तो रोज ऐकू येतो.

आता दोन्ही पोलादांच्या आत डोकावू. साधं कार्बन स्टील म्हणजे लोखंड, त्यात अर्धा ते एक टक्का कार्बन आणि थोडं मँगनीज. पात्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या १०९५ या ग्रेडमध्ये कार्बन ०.९० ते १.०३ टक्के असतो. हे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात झटकन थंड केलं की आतल्या रचनेचं मार्टेन्साइट होतं. ते अत्यंत कठीण असतं, आणि तितकंच ठिसूळही. रॉकवेल ‘सी’ मापावर कठीणपणा पासष्टच्या आसपास. असं पातं हाडावर तुकडे होऊन पडेल. म्हणून ते पुन्हा दोनशे अंशांच्या वर तापवून थोडा कठीणपणा सोडायचा आणि चिवटपणा कमवायचा. लोहार पोलादाला पाणी देतो तेव्हा याच दोन पायऱ्या अंदाजाने, रंगावर नजर ठेवून साधत असतो. कार्बन स्टीलचा मोठा गुण म्हणजे त्याची घडण साधी आणि कण बारीक. धारेच्या टोकाला मोठे, कठीण खडे नसतात. त्यामुळे धार बारीक होते, दगडावर लवकर येते आणि त्याच कठीणपणाच्या बऱ्याच स्टेनलेसपेक्षा आघात जास्त सोसते.

स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असावा लागतो. तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर करतो. ओरखडा पडला तरी हा थर आपोआप पुन्हा तयार होतो. हेच त्याचं कवच. पण क्रोमियमला कार्बनचीही ओढ असते. दोघं मिळून कार्बाइडचे कण बनवतात, आणि कार्बाइडात अडकलेला क्रोमियम गंजाशी लढायला मोकळा राहत नाही. ४४०सी या ग्रेडमध्ये कार्बन ०.९५ ते १.२० टक्के आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के. ते कठीण होतं, झिजत नाही, पण त्यात कार्बाइडचे कण मोठे असतात. अगदी बारीक धारेवर असा एखादा कण निखळला की तिथे खाच पडते. दुसऱ्या टोकाला ४२० कुळातली कमी कार्बनची पोलादं. ती गंजाला उत्तम तोंड देतात, स्वस्त असतात, सहजासहजी तुटत नाहीत, पण फार कठीण होत नाहीत, म्हणून त्यांची धार दुमडते. या दोघांच्या मधली वाट स्वीडनमधल्या पोलाद कारखान्यांनी दाढीच्या ब्लेडसाठी काढली: कार्बन पाऊण टक्क्याच्या आत, क्रोमियम सुमारे १३ टक्के, कार्बाइड अतिशय बारीक. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टेनलेसची ब्लेडं बाजारात आली आणि बघता बघता कार्बनची ब्लेडं मागे पडली. माणसाच्या गालावर रोज चालणारी धार ज्या पोलादाला येते, त्याला धार येत नाही असं कोण म्हणेल?

शस्त्रक्रियेच्या सुरीची पातीही आज कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. कार्बनची पाती गंजरोधक कागदात, हवाबंद पाकिटात येतात आणि एकदाच वापरायची असतात, त्यामुळे गंजाची भीती पाकीट फोडल्यानंतरच्या काही तासांपुरतीच. शिकाऱ्याचं तसं नाही. त्याचं पातं भात्यात उघडं असतं. दवात, पावसात, घामट हातांत आठवडेच्या आठवडे काढतं आणि त्यातल्या एका क्षणी त्याला काम करायचं असतं. म्हणून सर्जनचा निष्कर्ष त्याने जसाच्या तसा उचलता कामा नये.

गंज धारेचं काय करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. नुकतं धार लावलेलं कार्बनचं पातं पावसात भिजू द्या आणि न पुसता रात्रभर भात्यात ठेवा. सकाळी पात्याच्या सपाट अंगावर नारिंगी ठिपके दिसतील. ते बोटाने पुसले जातात, म्हणून माणूस निर्धास्त होतो. खरं नुकसान जिथे डोळ्यांना काही दिसत नाही तिथे झालेलं असतं. चांगल्या धारेचं टोक मायक्रॉनच्या आसपास जाडीचं असतं, आणि एवढा धातू गंजून जायला एक ओली रात्र पुरते. ताणलेला रबरबँड आदल्या संध्याकाळी नुसत्या स्पर्शाने तोडणारं पातं आता त्याच्यावरून घसरतं. पात्याला गंज दिसतो त्याच्या आधी धार गेलेली असते. म्हणून कार्बनची पाती वापरणारे जाणते शिकारी धारेवर व्हॅसलिनचा किंवा मेणाचा पातळ हात फिरवतात, आणि ओल्या दिवशी तळावर परतल्यावर जेवणाआधी पाती पुसतात. स्टेनलेसवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. रक्तात क्लोराइड असतं. वापरलेलं पातं न धुता ठेवलं तर स्टेनलेसलाही बारीक खळगे पडतात, आणि खळगा धारेवर पडला तर ती धार गेली.

दुसरी कसोटी हाडाची. बाण बरगड्यांतून गेला तर बहुतेक सगळी पाती निभावतात. तो खांद्याच्या हाडावर गेला, किंवा जनावर एल्क वा मूसएवढं मोठं असलं, तर पात्याचा कस लागतो. फार कठीण पातं तुटतं, फार मऊ पातं दुमडतं, आणि दोन्हींत बाणाचा उरलेला जोर पात्याची मोडतोड करण्यात खर्च होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात १९८० च्या दशकात डॉ. एड अ‍ॅशबी यांनी बाण किती खोल जातो याचा दीर्घ अभ्यास सुरू केला. टोक आणि बाण शाबूत राहणं, हा घटक त्यांनी सर्वांत वर ठेवला. मोडलेल्या टोकाचा बाण कितीही वेगवान असला तरी आत जात नाही. हाडाच्या कसोटीला कार्बनची आणि टूल स्टीलची जाड, एकसंध पाती साधारणपणे चांगली उतरतात. पण नीट तापवलेलं, बारीक कणांचं स्टेनलेसही तिथे उभं राहतं, आणि बिघडवलेलं कार्बन राहत नाही.

बिघडवणं किती सोपं आहे तेही पाहा. शिकारी उत्साहाने पातं बेल्ट ग्राइंडरवर धरतो. धार पातळ, उष्णता जायला जागा नाही. क्षणभरात कडेवर निळी झाक येते. निळा रंग म्हणजे तीनशे अंशांच्या आसपासचं तापमान, म्हणजे दोनशेवर कमावलेलं पाणी तिथे उतरलं. स्टेनलेसवर असे रंग आणखी वरच्या तापमानाला उमटतात, त्यामुळे रंग दिसला नाही म्हणजे पाणी शाबूत आहे, असंही धरून चालत नाही. लाकडी बाणाला टोक चिकटवताना डिंक वितळवण्यासाठी ज्योत थेट पात्यावर धरणारेही हीच हानी करतात.

धार हातानेच लावावी, हा माझा आग्रह त्यासाठी आहे. माझ्या तळघरातल्या बाकावर त्याची पद्धत ठरलेली आहे. धारेच्या उताराला काळ्या मार्करने रंगवायचं. हिऱ्याच्या कणांच्या दगडावर एका बाजूला साधारण वीस अंशांचा कोन धरून हलक्या हाताने दोन-तीन वेळा ओढायचं आणि पातं दिव्याखाली धरायचं. काळी शाई फक्त मागच्या खांद्याची गेली असेल तर कोन कमी पडला, फक्त कडेची गेली असेल तर जास्त झाला. सबंध उतारावरची शाई सारखी गेली की कोन जुळला. तोच धरून ठेवायचा, पलीकडच्या कडेला नखाला लागेल अशी धातूची बारीक उलटी कड येईपर्यंत. कारखान्यात तिला बर म्हणतात. ती टोकापासून बुडापर्यंत आली की बाजू बदलायची, मग प्रत्येक फेरीला दाब कमी करत न्यायचा आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढून ती कड काढून टाकायची. इथे दोन पोलादांतला फरक बोटांना कळतो. कार्बनची बर पटकन सुटते. स्टेनलेसची, विशेषतः मऊ स्टेनलेसची, चिवटपणे या बाजूवरून त्या बाजूला दुमडत राहते आणि घाई केली तर धारेचा आभास निर्माण करते. ती हातावरचे केस काढते आणि पहिल्याच बरगडीवर वाकते. ‘स्टेनलेसची धार टिकत नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या पात्यावर धार नव्हे, ही न काढलेली बर असते.

मग निवड कशी करायची? चार प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला, धार लावणं आणि बाण सोडणं यांत किती दिवस जाणार आणि ते दिवस कसे असणार? वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिक द्वीपकल्पातल्या पावसात एल्कच्या मागे आठवडा काढणाऱ्याची गरज वेगळी, अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या डोंगरांतल्या शिकाऱ्याची वेगळी. दुसरा, जनावर कोणतं? हरणाच्या बरगड्या आणि मूसचा खांदा यांना एकच पातं पुरेल असं गृहीत धरू नये. तिसरा, धार लावणार कोण? रोज संध्याकाळी दगड काढून बसणाऱ्याला कार्बन भरभरून देतं. ज्याला ते जमत नाही किंवा करायचं नाही, त्याने बदलत्या पात्यांचं स्टेनलेस घ्यावं आणि प्रत्येक वापरानंतर पातं न चुकता बदलावं. चौथा, पाकिटावर काय लिहिलं आहे? नुसतं ‘स्टेनलेस’ किंवा नुसतं ‘हाय कार्बन’ हे उत्तर नव्हे, ती कुळाची नावं आहेत. ग्रेड कोणता आणि रॉकवेल कठीणपणा किती, हे सांगणाऱ्या उत्पादकाला आपल्या भट्टीची खात्री असते. जो सांगत नाही त्याला निःसंकोच विचारावं.

पुस्तकाची मांडणी अशी आहे. पहिल्या प्रकरणात जखमेचं शरीरशास्त्र आहे, कारण पात्याचं काम काय ते आधी समजायला हवं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणांत दोन्ही पोलादकुळांची घडण आणि त्यांचं हीट ट्रीटमेंट येतं. चौथं प्रकरण हाडावर मोडलेल्या, दुमडलेल्या पात्यांचं आहे. त्यात प्रत्येक पात्याचं छायाचित्र आणि बिघाडाचं कारण शेजारी शेजारी दिलं आहे. पाचवं धार लावण्याचं, सहावं गंज आणि साठवणीचं. शेवटच्या प्रकरणात हवामान, जनावर आणि पात्याची रचना यांनुसार निवडीचे तक्ते आहेत. घाईत असलेल्या वाचकाला थेट तिथे जावंसं वाटेल, पण त्याने पाचवं प्रकरण ओलांडू नये एवढी विनंती आहे. ज्याला धार लावता येत नाही त्याला तक्त्याचा उपयोग नाही.

हा विषय मी इतक्या तपशिलात का लिहितो, असं एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर नैतिक आहे. अमेरिकेने १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळवला. १९७२ मध्ये, म्हणजे भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला त्याच वर्षी, अमेरिकेच्या संसदेने धनुष्यबाणाच्या सामानालाही त्या व्यवस्थेत आणलं. आज ब्रॉडहेडवर ११ टक्के उत्पादन कर लागतो. दोन देशांनी दोन वेगळ्या वाटांनी एकच गोष्ट मान्य केली, की रानातलं जनावर कोणाच्याही खासगी मालकीचं नाही आणि त्याच्याबाबत माणसावर काही देणं आहे. कर भरून त्या देण्याचा एक भाग फिटतो. उरलेला भाग प्रत्येक शिकाऱ्याने स्वतः फेडायचा असतो. ज्याने मारायचं ठरवलं, त्याने ते मरण लवकर येईल याची शक्य तितकी हमी द्यायला हवी. अंतर आवाक्यात ठेवणं, खात्री नसेल तर बाण न सोडणं आणि धार शाबूत ठेवणं, या तिन्ही गोष्टी त्याच्या हातात असतात. पहिल्या दोन रानात ठरतात. तिसरी घरीच, शांतपणे, कोणतीही घाई नसताना करता येते. म्हणून तिच्याबाबतची हयगय मला सर्वांत अक्षम्य वाटते.

या कामात अनेकांची मदत झाली. आपली मोडकी पाती विश्वासाने माझ्या हवाली करणारे कारखान्यातले सहकारी, सूक्ष्मदर्शकाखाली धारेची छायाचित्रं काढून देणारे प्रयोगशाळेतले मित्र, आणि प्रत्येक प्रकरण वाचून ‘हे सामान्य वाचकाला कळेल असं लिही’ म्हणून परत पाठवणारी माझी पत्नी, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. पुस्तक वाचून कोणी स्टेनलेस निवडेल, कोणी कार्बन. दोन्ही निवडींना माझा सारखाच पाठिंबा आहे, फक्त निवडलेल्या पोलादाला लागणारी निगा मनापासून स्वीकारलेली असावी. आणि पुढच्या हंगामाआधी वाचकाने आपल्या भात्यातलं प्रत्येक पातं रबरबँडवर तपासून, जे घसरेल ते पुन्हा दगडावर नेलं, तर हे पुस्तक लिहिल्याचं सार्थक झालं असं मी समजेन.